मकरपुऱ्यातले तेलाचे ॲप: कोड न लिहिता केलेल्या कामाचा जमाखर्च

मे २०२३. एका औषध कारखान्याच्या देखभाल विभागातून काकांना फोन आला. पलीकडचा सुपरवायझर बोलायला मऊ. "साहेब, आ रिपोर्ट तो बीजानो छे," एवढेच म्हणाला. म्हणजे हा रिपोर्ट दुसऱ्याचाच. रिपोर्टवर कारखान्याचे नाव बरोबर, ट्रान्सफॉर्मरचा अनुक्रमांक बरोबर, तारीखही बरोबर. तेलाचे सहा आकडे मात्र भलत्याचेच. चाचणीच्या वेळी त्यांचा माणूस शेजारी उभा होता आणि त्याने आकडे आपल्या डायरीत टिपले होते, म्हणून चूक सापडली. एरवी सापडली नसती, हे काकांना फोन ठेवता ठेवताच कळले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. दोघे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात वाढले, दोघांचेही वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात. बाबा बँकेत चिकटले, काकांनी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, शेड घेऊन ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती सुरू केली. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणजे रीतसर कोड लिहून. लोक कोडशिवाय ॲप बांधू लागले तर माझे गिऱ्हाईक तुटते, हे पुढचे वाचताना ध्यानात असू द्या. तरीही ज्या ॲपमधून तो चुकीचा रिपोर्ट निघाला, काकांच्या दफ्तरात कोडशिवाय बांधलेल्या त्या ॲपचे मला कौतुक आहे.

काम काय, कागद काय

बडोद्यात हा धंदा जुना. गुजरात वीज मंडळाचे मुख्यालय इथलेच. २००५ मध्ये मंडळ मोडून कंपन्या झाल्या तरी वरची कंपनी इथेच राहिली. १९७४ मध्ये स्थापन झालेली इर्डा ही विजेच्या उपकरणांची चाचणी करणारी संस्थाही मकरपुऱ्यातच आहे. त्या सावलीत काकांसारखी कितीतरी छोटी दुकाने जगतात. वाइंडिंगचे काम आता त्यांनी कमी केले आहे. मुख्य धंदा तेल गाळण्याचा.

ट्रान्सफॉर्मरमधले तेल दोन कामे करते: उष्णता वाहून नेते आणि विजेला नको तिथे उडी मारू देत नाही. तेलात ओलावा शिरला की दुसरे काम ढिले पडते. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत घेतो त्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओळखायचे, आता हवा कोरडी होऊन आत जात नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी, एप्रिल ते जूनमध्ये, साऱ्या कारखान्यांना एकदमच तेल गाळून हवे असते. काकांची माणसे गाळणीचे यंत्र टेम्पोत घालून जातात, तेल तापवतात, निर्वातात त्यातला ओलावा ओढून घेतात, आणि आधी व नंतर नमुना तपासतात. कपात दोन इलेक्ट्रोड, मध्ये २.५ मिलिमीटरची फट. व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्टने चढवत न्यायचे. ठिणगी पडली की आकडा लिहायचा. असे सहा वेळा. सहांची सरासरी म्हणजे बीडीव्ही, ब्रेकडाउन व्होल्टेज. नव्या तेलाच्या मानकात गाळण्यापूर्वी किमान ३० आणि गाळल्यावर ७० किलोव्होल्ट अपेक्षित असतात. वापरातल्या तेलाची मर्यादा ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते.

गिऱ्हाइकाला तेल दिसत नाही, त्याला कागद दिसतो. तपासणीला कोणी आले की कारखाना हाच रिपोर्ट पुढे करतो. म्हणजे काकांचा खरा माल तो कागद. २०२२ पर्यंत तो असा तयार होई: साइटवर मेस्त्री कार्बन लावलेल्या पॅडवर आकडे लिही, वर तेलाची बोटे, संध्याकाळी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर, मग दफ्तरातल्या बेन तो वाचून संगणकावर टाइप करत. १ आणि ७ ओळखण्यात घोळ. सीझनमध्ये रिपोर्ट तीन तीन आठवडे मागे, आणि रिपोर्ट नाही म्हणून बिलही अडकलेले.

अकरा संध्याकाळी

या बेन म्हणजे काकांकडे हिशेब सांभाळणारी मराठी मुलगी, बी.कॉम. झालेली. बडोद्यात दफ्तरातली बाई मराठी असली तरी सगळ्यांची बेनच होते. एक्सेलवर हात चांगला. मार्च २०२२ मध्ये त्यांनी यूट्यूबवर पाहिले की शीटवरून थेट ॲप बनते, आणि काकांना विचारून कामाला लागल्या. साधनाचे नाव इथे देत नाही. ॲपशीट, ग्लाइड ही ज्या जातीची साधने आहेत त्याच जातीचे ते एक: खाली शीट, वर फॉर्म, मध्ये सूत्रे.

त्यापूर्वी काकांनी अहमदाबादच्या एका कंपनीकडून कोटेशन घेतले होते. साडेचार लाख रुपये आणि चार महिने. बेननी रोज सहानंतर बसून अकरा दिवसांत चालते ॲप उभे केले. पैसे शून्य, कारण दहा माणसांपर्यंत चाचणीसाठी फुकट.

त्यांनी काय केले ते मी नंतर बारकाईने पाहिले. दोन तक्ते: एकात कामे, दुसऱ्यात चाचण्या. मेस्त्री फोनवर काम निवडतो, सहा आकडे भरतो, मीटरचा फोटो काढतो, सरासरी आपोआप निघते. फॉर्मवरची नावे गुजरातीत, कारण नऊ जणांत मराठी दोघेच. पुढे उत्तर प्रदेशातला एक मुलगा आला तेव्हा हिंदी नावे करायला दहा मिनिटे लागली.

मला सर्वांत पटले ते ऑफलाइन. कारखान्यांच्या सबस्टेशनच्या खोलीत नेटवर्क नसते. कुठे कुठे फोन गेटवरच जमा करावा लागतो आणि परवानगीचा एकच फोन आत जातो. या साधनात नोंद फोनवर साठून राहते आणि रेंज आली की वर जाते. हीच सोय मी कोडमध्ये लिहायला घेतली असती तर महिना गेला असता, आणि पहिल्या सीझनमध्ये ती नक्की चार ठिकाणी फुटली असती. दोन फोनवरून एकाच कामात बदल झाला तर कोणता खरा, अर्धा फोटो चढून नेट गेले तर काय, असले सगळे त्यात येते. कोडशिवायच्या साधनात तुम्हाला फुकट मिळते ते हे, दुसऱ्या कुणीतरी आधीच खाल्लेले टक्केटोणपे. फॉर्म ओढून चिकटवता येतो याचे कौतुक लोक उगाच करतात. फॉर्म बनवणे कधीच अवघड नव्हते.

रिपोर्टसाठी त्यांनी एक नमुना दस्तऐवज केला, त्यात रिकाम्या जागी रकान्यांची नावे घातली. काम पूर्ण अशी खूण केली की पीडीएफ तयार. इथे पहिली फुकटेगिरी संपली, कारण चाचणीच्या अवस्थेत ईमेल फक्त ॲप बनवणाऱ्याच्या पत्त्यावर येत होती, गिऱ्हाइकाला जात नव्हती. नऊ माणसे, माणशी महिना ५ डॉलर. रुपयांत साडेतीन-पावणेचार हजार. काकांनी एक रात्र विचार केला आणि भरले. त्या सीझनला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी जाऊ लागले. बिलाचे पैसे कधी नव्हे ते जुलैच्या आत आले.

शीट कोणी हलवले

आता तो मे महिन्यातला फोन.

काकांच्या मुलाला उधारीची यादी हवी होती. त्याने कामांचे शीट उघडले आणि गिऱ्हाइकांच्या नावाने वर्णक्रम लावला. कोणीही लावील. शीट असतेच त्यासाठी.

पण चाचणीची नोंद आपल्या कामाला कशी बांधलेली असते ते पाहा. प्रत्येक कामाला एक ओळखखूण लागते. बेननी ती वेगळी दिली नव्हती. साधनाने ओळीचा क्रमांकच खूण म्हणून धरला होता. चाचण्यांच्या तक्त्यात लिहिलेले होते, "काम ३७". वर्णक्रम लावल्यावर ३७ व्या ओळीवर दुसरेच गिऱ्हाईक येऊन बसले. चाचण्या आपल्या जागी, कामे हललेली. वाड्यातल्या खोल्यांवरचे नंबर तेच ठेवून बिऱ्हाडे बदलली तर पोस्टमन काय करील, तेच ॲपने केले. कुठेही लाल अक्षरे नाहीत, काही अडकले नाही. रिपोर्ट सुबक निघत राहिले.

साधनाने ओळीचा क्रमांक खूण म्हणून वापरू नका असा पिवळा इशारा दिला होता. बेननी तो पाहिलाही होता. "दादा, ॲप चालत होतं, म्हणून मला वाटलं एवढं काही नसेल," त्या म्हणाल्या. मी त्यांना दोष दिला नाही. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला सहा महिने हेच शिकवतात, की नोंदीची ओळख तिच्या जागेवर अवलंबून ठेवू नये, आणि तरी नोकरीला लागल्यावर आम्हीही एकदा ती चूक करतोच. फरक एवढाच की आमच्याकडे शेजारी बसलेला कोणी तरी ती पकडतो. बेनच्या शेजारी बसणारे कोणी नव्हते.

दुरुस्तीला एक रविवार गेला. शीटच्या जुन्या आवृत्त्या साठवलेल्या असतात, त्यामुळे वर्णक्रम लावण्याच्या आदल्या क्षणाची प्रत मिळाली. त्यातून कोणता क्रमांक कोणत्या ट्रान्सफॉर्मरचा होता ती यादी काढली, प्रत्येक कामाला न बदलणारी खूण दिली आणि चाचण्या नव्याने जोडल्या. वर्णक्रमानंतर आलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागल्या, त्या बरोबर होत्या. राहिली तीन कामे. त्यांच्या नोंदी त्या दुपारी फोनवरच अडकून होत्या, वर चढल्या नव्हत्या. त्या जुन्या क्रमांकाच्या की नव्या, हे कागदावरून सांगता येईना. मीटरच्या फोटोंनी वाचवले. फोटोच्या कोपऱ्यात नेमप्लेट दिसत होती.

या काळात गिऱ्हाइकांकडे अकरा चुकीचे रिपोर्ट गेले होते. काकांनी अकराही ठिकाणी स्वतः जाऊन नवे कागद दिले, ईमेल पाठवून भागवले नाही. एक गिऱ्हाईक तुटले.

त्याच रविवारी आणखी एक बारकी गोष्ट सापडली: शीट अमेरिकी तारखेच्या पद्धतीवर होते, आधी महिना मग दिवस. ५ जूनला यायची आठवण ६ मेला येई. महिन्याच्या पहिल्या बारा तारखांनाच हा खेळ होतो, तेराच्या पुढे होत नाही, म्हणून वर्षभर कोणाच्या लक्षात आले नव्हते. दोन ठिकाणची सेटिंग बदलली, प्रश्न मिटला.

बेन गेल्यावर

२०२४ च्या सुरुवातीला बेनचे लग्न ठरले, पुण्याला गेल्या. ॲप त्यांच्या खासगी जीमेलच्या नावावर, शीट त्यांच्या ड्राइव्हवर, फोटोंचा फोल्डरही तिथेच. कंपनीचा दोन वर्षांचा सगळा पुरावा एका मुलीच्या खासगी खात्यात होता आणि त्याच खात्यात तिचे लग्नाचे फोटोही. मनात आणले असते तर, किंवा नुसता पासवर्ड हरवला असता तर, काकांच्या हाती काही राहिले नसते. बेन सालस. जायच्या आदल्या आठवड्यात बसून त्यांनी सगळे कंपनीच्या नव्या खात्यात हलवले. एक दिवस लागला, कारण फोटोंच्या वाटा तुटल्या आणि पुन्हा जोडाव्या लागल्या.

मग मी ॲप वाचायला बसलो. इथे मला माझ्या धंद्याची बाजू घ्यावीच लागते. कोड वाचता येतो: वरून खाली, शोधता येतो, कोणी कधी काय बदलले ते दिसते, शेजारी शेरा लिहिता येतो. या ॲपचा तर्क साठेक छोट्या चौकटींत पसरला होता: एका रकान्याची अट, एका बटणाचे दिसणे, एका ईमेलचा नियम. साधन स्वतःच सगळ्याची छापील यादी काढून देते. ती मी काढली. तिच्यात काय आहे ते सगळे होते, का आहे ते कुठेच नव्हते.

एक उदाहरण. सहांतला एखादा आकडा सरासरीपासून फार दूर गेला तर ॲप "पुन्हा नमुना घ्या" म्हणते. हा मेस्त्रींचा नियम, चांगला. पण सूत्रात एका गिऱ्हाइकाला त्यातून वगळले होते. का? मेस्त्रींना माहीत नाही, काकांना आठवत नाही. मी तो अपवाद काढून टाकायला निघालो होतो. शेवटी पुण्याला फोन लावला. बेन लगेच म्हणाल्या, "अहो दादा, त्यांच्याकडे त्यांचाच जुना चाचणीसंच आहे ना, आकडे ते स्वतःच देतात. आपण पुन्हा घ्या म्हटलं की भांडण होतं." कोडशिवायच्या ॲपला कागदपत्रे लागत नाहीत असे जाहिरातीत कोणी उघड म्हणत नाही, पण बांधणाऱ्याची समजूत तशीच होते. तेव्हापासून शीटमध्येच एक "का" नावाचे पान आहे. तारीख, काय बदलले, कोणी सांगितले. सध्या ४३ ओळी झाल्या आहेत.

पाणी

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली. बडोद्याच्याच अकोटा भागात काकांच्या बंगल्यात तळमजल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत वीस वर्षांच्या वह्या होत्या. काकूंनी नंतर त्या गच्चीवर वाळत घातल्या. शाई वाहून पाने गुलाबी-निळी झाली होती. २०२२ नंतरचे काहीच गेले नाही.

पुरानंतरच्या पंधरवड्यात मला या साधनाचे खरे बळ दिसले. पाण्यात बुडालेले ट्रान्सफॉर्मर सुरू करण्यापूर्वी तपासून घ्यायला रांग लागली. नेहमीचा फॉर्म त्याला पुरेना. पाणी किती उंचीपर्यंत चढले, ब्रीदर बुडाला होता का, तळाच्या झडपेतून आधी पाणी निघाले की तेल, वाइंडिंगचे मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध, किती. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसते; वरून घेतलेला नमुना चांगला दिसतो आणि खाली पाणी असते. म्हणून तळाच्या नमुन्याचा रकाना सक्तीचा हवा, हे मेस्त्रींनी सांगितले. बेनच्या जागी आलेल्या मुलाने रात्री साडेनऊला सुरुवात केली आणि बाराच्या आत नवा फॉर्म नऊही फोनवर होता. मी तो तपासला, एक सूत्र सुधारले. मला हे काम सांगितले असते तर मी सोमवारी गरज समजून घेतली असती, बुधवारी अंदाजपत्रक दिले असते, आणि तोवर पाणी ओसरले असते.

उंबरठ्याबाहेर

इथवर हिशेब सरळ होता. आत काम करणारी नऊ माणसे, एकमेकांना ओळखणारी, एक चुकला तर दुसरा हाक मारणारा. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाने मागितले, "आमचे रिपोर्ट आम्हालाच उघडून पाहता येतील का?" काकांच्या मुलाने उत्साहाने ॲपमध्ये गिऱ्हाइकांसाठी एक खिडकी केली: आत येणाऱ्याच्या ईमेलवरून त्याच्याच कंपनीची कामे दाखवायची. दोन दिवसांत झाले. त्याने मला दाखवले आणि विचारले, "दादा, देऊन टाकू ना?"

मी म्हटले, थांब.

त्याने वापरले होते ते दाखवण्याचे गाळण. सगळा तक्ता फोनवर उतरतो, मग पडद्यावर फक्त ठरावीक ओळी दाखवल्या जातात. दाराला पडदा लावला म्हणजे कडी लागली असे नाही. याच साधनात दुसरी सोय असते ती सर्व्हरवर चालते: ज्या ओळी तुमच्या नाहीत त्या फोनपर्यंत येतच नाहीत. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. चाचणी घेतली तरी दोन्ही पास होतात. मधला फरक कळायला माहिती कोणत्या वाटेने प्रवास करते ते माहीत असावे लागते, आणि नेमके तेच माहीत असण्याची गरज नाही असे सांगून ही साधने विकली जातात. फोटोंचेही तसेच: दुवा ज्याच्या हाती त्याला फोटो दिसतो, दुव्यावर डिजिटल सही लावून तो बंदिस्त करण्याची सेटिंग स्वतंत्र.

ही भीती पुस्तकी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या सुरक्षा कंपनीने दाखवून दिले की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सवर बांधलेल्या पोर्टलांतून ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर होत्या. ४७ संस्था, त्यांत अमेरिकेतली राज्य सरकारे, मोठ्या कंपन्या आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही. कुणी कुलूप फोडले नव्हते. तक्त्यांवरची परवानगीची कडी मुळात उघडी असायची आणि बांधणाऱ्यांनी ती लावली नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टने ती आपोआप लागेल असे केले. तिथे एवढ्या मोठ्या संस्थांच्या लक्षात आले नाही, मग मकरपुऱ्यात काकांच्या मुलाच्या लक्षात यावे अशी अपेक्षा मी कशी करू?

दुसरी अडचण पैशांची. दर माणशी. चाळीस गिऱ्हाईक, प्रत्येकाचे दोन लॉगिन, म्हणजे ऐंशी माणसे आणि महिन्याला ४०० डॉलर, रुपयांत चौतीस हजारांच्या घरात. ती ऐंशी माणसे वर्षातून दोनदा आत येणार. माणशी दर घराच्या माणसांना परवडतो, पाहुण्यांना नाही. लॉगिनशिवाय सर्वांना खुले ठेवण्याचा सोपा दर असतो, पण मग कोण आले तेच ॲपला कळत नाही आणि माहिती वेगळी ठेवता येत नाही.

आम्ही इतर वाटाही पाहिल्या. बबलसारखे साधन बाहेरच्या लोकांसाठी जास्त सोयीचे, पण त्यातून कोड बाहेर काढता येत नाही. २०२३ मध्ये त्यांनी दर आकारण्याची रीतच बदलली तेव्हा त्यावर धंदा उभा केलेल्यांना सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला. फ्लटरफ्लोमधून कोड काढता येतो, पण तो सांभाळायला शेवटी माझ्यासारखाच लागतो. तयार सर्व्हिस सॉफ्टवेअर भाड्याने घ्यावे तर त्यात बीडीव्हीचे सहा आकडे बसवताना मेस्त्रींचे डोके फिरले. साधनच बंद पडले तर, हा प्रश्न काकांनी स्वतः विचारला. गूगलने ॲप मेकर हे आपले याच जातीचे साधन बंद करण्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये केली आणि १९ जानेवारी २०२१ ला ते बंद झाले. त्यावरची ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नव्हती, पुन्हा बांधावी लागली. विशेष म्हणजे घोषणा झाली त्याच महिन्यात गूगलने ॲपशीट विकत घेतले. काकांचे ॲप उद्या बंद पडले तर फॉर्म आणि सूत्रे जातील, शीट आणि फोटो राहतील. फॉर्म अकरा संध्याकाळी पुन्हा होतील. २०२२ पासूनचे आकडे पुन्हा होणार नाहीत. म्हणून दर रविवारी दोन्हींची प्रत शेडमधल्या एका हार्ड डिस्कवर जाते. डिस्क पहिल्या मजल्यावर ठेवतो. पूर पाहिल्यावर.

ठरले ते असे. आतले सगळे आहे तसेच कोडशिवाय चालू. गिऱ्हाइकांना लॉगिन नाही. रिपोर्ट ईमेलने जातो, पूर्वीसारखा. त्या एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी मी एक छोटे पान लिहिले. रोज रात्री फक्त पूर्ण झालेली कामे, त्यांतही फक्त त्या गिऱ्हाइकाची, एका वेगळ्या डेटाबेसात उतरतात आणि पान तेवढेच वाचते. मुख्य शीटला ते पान हात लावू शकत नाही. उतरवण्याचे काम करणारी स्क्रिप्ट चाळीसेक ओळींची आहे. म्हणजे कोडशिवायच्या ॲपला कोड चिकटलाच, आणि त्याचे बिल मी लावले. काकांनी ते वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तू म्हणालास थांब, आणि मग तूच पैसे घेतलेस." मी म्हटले, काका, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते. त्यांनी बिल दिले, पण त्या दिवशी चहा सांगितला नाही.

गेल्या महिन्यात मेस्त्रींनी पाहिजे म्हटले म्हणून काकांच्या मुलाने तेलाच्या साठ्याचे ॲप केले. कोणत्या बॅरलमध्ये किती, कोणत्या साइटला किती गेले, परत किती आले. मी नको म्हटले होते. साठ्याचा हिशेब चुकला तर तो रिपोर्टपेक्षा लवकर भांडण लावतो. त्याने दोन संध्याकाळी बसून केले. चालते आहे. मेस्त्री खूश आहेत. त्यात बॅरलची ओळखखूण काय धरली आहे, ते मी अजून उघडून पाहिलेले नाही.